ब्रह्मदेशातला उठाव, लष्करशहा आणि बाकीचं जग: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रह्मदेश म्हणजे आजचा म्यानमार. या विषयावर नागपुरातल्या अभ्यासिकांत, विहारांत, वाचनालयांत बोलायला गेलं की फिरून तेच प्रश्न येतात. विचारणारे मात्र निरनिराळे असतात. त्यात स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, रविवारी वंदनेनंतर थांबणारी ज्येष्ठ मंडळी असतात, कळमन्याच्या बाजारात डाळीचा व्यवहार करणारे असतात. सगळ्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

इतक्या दूरच्या देशाचं आम्हा नागपूरकरांना काय?

नकाशावर तो देश दूर आहे हे खरं. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर ज्यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली, ते महास्थवीर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातल्या अराकानचे. त्याच्या दोनच वर्षं आधी, डिसेंबर १९५४ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. आपल्याकडे घरोघरी कुणीतरी दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन आलेलं असतं. ती भारतात परत आणणारे सत्यनारायण गोयंका मंडालेत जन्मले आणि रंगूनच्या उ बा खिन यांच्याकडे शिकले. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत वारला, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं.

शिवाय तुमच्या ताटातल्या वरणाचाही त्या देशाशी संबंध आहे. त्यावर पुढे एक वेगळा प्रश्नच आहे.

१ फेब्रुवारी २०२१ ला नेमकं काय घडलं?

नव्या संसदेची पहिली बैठक त्याच दिवशी भरायची होती. पहाटेच लष्करानं राजधानी नेप्यिडॉमध्ये अध्यक्ष विन म्यिंट, सत्ताधारी पक्षाच्या प्रमुख आँग सान सू ची आणि त्या पक्षाचे इतर नेते उचलले. आणीबाणी जाहीर झाली आणि सगळी सत्ता सरसेनापती मिन आँग ह्लाइंग यांच्या हातात गेली. सू ची यांच्यावरचा पहिला आरोप बेकायदा वॉकीटॉकी आयात केल्याचा होता. पुढे आरोप वाढत गेले आणि शिक्षांची बेरीज ३३ वर्षांवर पोचली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातली काही वर्षं ‘माफ’ झाली आणि २७ उरली.

पण निवडणुकीत घोटाळा झाला होता ना?

लष्कर तसं म्हणतं. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत सू ची यांच्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसीला ४७६ पैकी ३९६ जागा मिळाल्या आणि लष्कराच्या पाठिंब्यावरच्या पक्षाला ३३. मतदार यादीत चुका असतील, आपल्याकडेही असतात. पण इतकी तफावत यादीतल्या चुकांनी पडत नाही. देशी आणि परदेशी निरीक्षकांनाही निकाल उलटावा असं काही सापडलं नव्हतं.

खरी अडचण वेगळी असावी. २००८ ची राज्यघटना लष्करानंच लिहवून घेतली होती. तिच्यानुसार संसदेच्या २५ टक्के जागा गणवेशातल्यांना राखीव होत्या, संरक्षण, गृह आणि सीमाभाग ही तिन्ही खाती सरसेनापतीच्या हातात होती आणि घटना बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागत. म्हणजे सत्तेची किल्ली आधीपासूनच त्यांच्या कनवटीला होती. तरी सत्तापालट केला, कारण मिन आँग ह्लाइंग जुलै २०२१ मध्ये ६५ वर्षांचे होऊन निवृत्त होणार होते आणि ३३ जागांच्या जोरावर अध्यक्ष होता येत नव्हतं. हा माझा अंदाज आहे, पण तो करणारा मी एकटा नाही.

लोक रस्त्यावर कसे आले? कुणी संघटना केली होती का?

एक अशी संघटना नव्हती. सुरुवात आवाजानं झाली. दुसऱ्याच दिवसापासून यांगूनमध्ये, म्हणजे जुन्या रंगूनमध्ये, संध्याकाळ झाली की लोक बाल्कनीत येऊन भांडी, झाकणं, पातेली वाजवायचे. घरातली इडापिडा हुसकावून लावायची तिथली ती जुनी रीत आहे.

मग मंडालेच्या सरकारी डॉक्टरांनी काम थांबवलं. कोविडची साथ चालू असताना डॉक्टरांनी असं करणं सोपं नव्हतं. त्यांच्यामागे परिचारिका, शिक्षक, रेल्वे कर्मचारी आणि बँकेचे कारकून गेले. सविनय कायदेभंगाचं हे आंदोलन इतकं पसरलं की काही आठवडे बँका उघडेनात आणि बंदरात कंटेनर अडकून पडले. रेल्वे कर्मचाऱ्यांना कुटुंबासकट सरकारी घरांतून बाहेर काढलं गेलं. २२ फेब्रुवारी २०२१ च्या सार्वत्रिक संपाला लोकांनी पाच दोनांचा संप म्हटलं, कारण १९८८ चा उठाव ८-८-८८ या तारखेनं ओळखला जातो आणि आकड्यांची ती आठवण सगळ्यांच्या मनात होती.

बायकांनी तर कमाल केली. तिकडे बायकांच्या लुंगीसारख्या वस्त्राला ठमेन म्हणतात. पुरुष त्याच्याखालून गेला तर त्याचं तेज जातं अशी समजूत आहे. बायकांनी गल्लीच्या तोंडाशी दोरीवर ठमेन वाळत घातले आणि सैनिक खाली थबकले. ते काढायला ट्रकच्या टपावर चढलेल्या जवानांचे फोटो जगभर गेले. आपल्याकडे विटाळाच्या नावाखाली बायकांना काय काय सोसावं लागतं ते ठाऊक असलेल्या वाचकाला यातली गंमत आणि यातलं धाडस दोन्ही वेगळं समजावून सांगायला नको.

लष्करानं आधी पाण्याचे फवारे मारले, मग रबरी गोळ्या, मग खऱ्या. ९ फेब्रुवारीला नेप्यिडॉमध्ये डोक्यात गोळी लागलेली म्या थ्वे थ्वे खाइंग ही मुलगी दहा दिवसांनी गेली. तिचा विसावा वाढदिवस दवाखान्यातच झाला होता. २७ मार्चला, म्हणजे लष्कर दिनी, एका दिवसात शंभरावर माणसं मारली गेली. त्या दिवशी सकाळी राजधानीत संचलन झालं आणि त्याला आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते. त्यांत भारत होता.

मग अहिंसेचा मार्ग का सोडला? गांधींच्या सेवाग्रामपासून आम्ही तासाभरावर राहतो, म्हणून विचारतो.

प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्या आजोबांचा सूर थोडा रागावलेला होता. इतकंच सांगतो की त्यांनी तो मार्ग आधी चालून पाहिला. तीनेक महिने लाखो लोक निःशस्त्र होते. अहिंसक लढ्यात समोरच्याला कुठेतरी लाज वाटावी लागते, किंवा त्याच्या शिपायांनी तरी गोळी झाडायला नकार द्यावा लागतो. हजारो सैनिक आणि पोलीस फुटले हे खरं, पण पलटणीच्या पलटणी फुटल्या नाहीत. ब्रह्मी लष्कराची वसाहत वेगळी, शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, कंपन्याही स्वतःच्या. शिपायाचं कुटुंब छावणीत राहतं, म्हणजे एका अर्थानं ओलीसच असतं.

१६ एप्रिल २०२१ ला निवडून आलेल्या खासदारांनी आणि वांशिक गटांच्या नेत्यांनी मिळून लष्कराला समांतर असं राष्ट्रीय एकता सरकार स्थापलं. मे महिन्यात लोकसंरक्षण दल उभं राहिलं आणि ७ सप्टेंबरला उघड युद्ध पुकारलं गेलं. चिन प्रांतातल्या मिंडाट गावात पोरांनी सुरुवातीला शिकारीच्या घरगुती ठासणीच्या बंदुका वापरल्या. शहरातली कॉलेजची मुलं जंगलात जाऊन कारेन, काचिन, चिन या जुन्या बंडखोर गटांकडून शिकली. बर्मी बहुसंख्याकांना या गटांचं दुःख त्या आधी सत्तर वर्षं दिसलं नव्हतं. माझ्या मते या उठावातला सगळ्यात मोठा बदल तो आहे.

१९८८ आणि २००७ ला पण असंच झालं होतं ना? फरक काय?

१९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. सप्टेंबर १९८७ मध्ये त्यांनी २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा एका रात्रीत रद्द केल्या आणि ४५ व ९० च्या काढल्या, कारण ज्योतिषाचा भरवसा ९ या आकड्यावर होता. विद्यार्थ्यांच्या फीचे पैसे कागद झाले. पुढच्या वर्षीचा उठाव त्यातून पेटला आणि लष्करानं तो चिरडला. मृतांचा आकडा साधारण तीन हजार सांगितला जातो. १९९० च्या निवडणुकीत सू ची यांच्या पक्षाला ४८५ पैकी ३९२ जागा मिळाल्या, पण सत्ता दिली गेली नाही.

२००७ ला इंधनाचे भाव एकदम वाढले आणि भिक्खू रस्त्यावर आले. तेही चिरडलं गेलं.

या वेळचा फरक असा, की मधली दहा वर्षं लोकांनी मोकळी हवा अनुभवली होती. मोबाइल होता, वर्तमानपत्रं होती, दोनदा मनासारखं मतदान झालं होतं. ज्या पिढीनं हे पाहिलं तिला परत अंधारात ढकलणं अवघड गेलं.

बौद्ध देश असूनही असं कसं? धम्मात तर करुणा सांगितली आहे.

विहारांमध्ये हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरी व्यथा असते. मी उत्तर गुळमुळीत करत नाही. लष्करशहाला धर्माचं वावडं नसतं, उलट तो त्याचा मोठा आश्रयदाता असतो. मिन आँग ह्लाइंग यांनी नेप्यिडॉत बसलेल्या बुद्धाची संगमरवरी भव्य मूर्ती उभारली आणि १ ऑगस्ट २०२३ ला तिचं अनावरण केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सगाइंग भागातल्या पाझिग्यी गावातल्या कार्यक्रमावर विमानातून बॉम्ब टाकून १६० च्या वर माणसं मारली होती, त्यांत लहान मुलंही होती.

संघही एका बाजूला नाही. मुसलमानांविरुद्ध विष पेरणारे भिक्खू विराथू यांना लष्करानं सप्टेंबर २०२१ मध्ये तुरुंगातून सोडलं आणि जानेवारी २०२३ मध्ये मानाची पदवी दिली. सितागू सयाडॉ यांच्यासारखे मोठे नाव असलेले भिक्खू जनरलांच्या जवळ दिसले. दुसरीकडे मंडालेचे तरुण भिक्खू चीवर घालून मोर्चात चालत राहिले.

२००७ ची एक गोष्ट मात्र दीक्षाभूमीच्या शहरात सांगायलाच हवी. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, एक कर्म आहे, पत्तनिकुज्जन, म्हणजे भिक्षापात्र उपडं करणं. संघाचं अहित करणाऱ्या गृहस्थाकडून भिक्खूंनी दान घेणं थांबवायचं. २००७ मध्ये हजारो भिक्खूंनी लष्करी कुटुंबांसाठी पात्रं उपडी केली. ज्याच्या डोक्यात पुण्य कमावणं हेच पापावरचं औषध आहे, त्याला दान नाकारणं ही केवढी शिक्षा! म्हणून तर त्या वेळी रात्री विहारांवर धाडी घातल्या गेल्या.

बाबासाहेबांचा धम्म राजाश्रयाकडे संशयानं पाहायला शिकवतो. ब्रह्मदेशाकडे पाहताना आपल्याला त्याचा उपयोग करता येतो.

संयुक्त राष्ट्रांनी काय केलं?

पुष्कळ बोलले. चिंता, तीव्र चिंता, निषेध.

तरी दोन प्रसंग लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २६ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारचे राजदूत चॉ मो तुन आमसभेत उभे राहिले, स्वतःच्याच देशाच्या लष्कराविरुद्ध बोलले आणि शेवटी आंदोलनाची खूण म्हणून तीन बोटं वर केली. लष्करानं त्यांना बडतर्फ केलं, पण संयुक्त राष्ट्रांनी लष्कराच्या माणसाला ती खुर्ची दिली नाही. १८ जून २०२१ ला आमसभेत ठराव आला, ज्यात म्यानमारला शस्त्रं जाऊ देऊ नयेत असं आवाहन होतं. बाजूनं ११९, विरोधात एकटा बेलारूस, तटस्थ ३६. म्यानमारचं मत ठरावाच्या बाजूनं पडलं, कारण मत देणारे तेच राजदूत होते! भारत तटस्थ ३६ मध्ये होता.

सुरक्षा परिषदेला ठराव करायला २१ डिसेंबर २०२२ उजाडलं. ठराव क्रमांक २६६९. बाजूनं १२, तटस्थ चीन, रशिया आणि भारत. हिंसा थांबवा, कैदी सोडा, एवढंच त्यात होतं. शस्त्रबंदी नव्हती. तीत चीन-रशियाचा नकाराधिकार आडवा येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

यांगूनच्या रस्त्यांवर सुरुवातीला पोरं फलक धरून विचारत होती की संयुक्त राष्ट्रांना हालचाल करायला किती प्रेतं लागतात. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सगळ्या देशांनी मान्य केलं होतं, की एखादं सरकार स्वतःच्याच लोकांची कत्तल करू लागलं तर वाचवण्याची जबाबदारी जगाची. मुलांनी ते खरं धरलं होतं. पण २०११ मध्ये लिबियात त्याच तत्त्वाच्या नावानं बॉम्बफेक झाली, गद्दाफी गेला आणि देश फुटला. त्यानंतर ते तत्त्व कुणी गंभीरपणे हातात घेतलेलं नाही.

आसियाननं मध्यस्थी केली म्हणतात, तिचं काय झालं?

आसियान म्हणजे म्यानमारसकट आग्नेय आशियातल्या देशांची संघटना. २४ एप्रिल २०२१ ला जकार्तात तिची पाच कलमी सहमती झाली. मिन आँग ह्लाइंग स्वतः हजर होते. घरी परतल्यावर त्यांनी ती बाजूला ठेवली. आसियाननं ऑक्टोबरच्या बैठकीला त्यांना बोलावलं नाही. त्या संघटनेच्या मानानं ही मोठीच नाराजी.

चीन कुणाच्या बाजूनं आहे?

चीन पाइपलाइनच्या बाजूनं आहे. बंगालच्या उपसागरावरच्या चाऊकफ्यूपासून युनानपर्यंत त्याच्या तेलाच्या आणि वायूच्या नळ्या जातात. ज्याच्या हातात त्या सुरक्षित, त्याच्याशी बोलायचं.

२७ ऑक्टोबर २०२३ ला तीन वांशिक सेनांनी उत्तर शान प्रांतात मोठी मोहीम काढली तेव्हा चीननं अडवलं नाही, कारण सीमेवरचे ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे त्यालाही नको होते. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र बंडखोरांनी लाशिओ शहर आणि तिथलं लष्कराचं विभागीय मुख्यालयच घेतलं. लष्कर कोसळतंय असं दिसताच चीननं सीमेवरची नाकी बंद केली, दबाव वाढवला, आणि एप्रिल २०२५ मध्ये लाशिओ परत लष्कराला मिळालं. लढून घेतलेलं शहर तिसऱ्याच्या सांगण्यावरून सोडावं लागलं.

रशियाचं गणित साधं आहे, तो विमानं विकतो. मार्च २०२५ मध्ये मिन आँग ह्लाइंग मॉस्कोला गेले तेव्हा पुतिन यांनी मिळालेल्या सहा हत्तींबद्दल जाहीर आभार मानले.

अमेरिका-युरोपच्या निर्बंधांनी काही झालं का?

थोडं झालं. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेनं लष्कराच्या दोन मोठ्या उद्योगसमूहांवर निर्बंध लावले. परकी चलनाचा सगळ्यात मोठा स्रोत नैसर्गिक वायू, पण तो विकणाऱ्या सरकारी कंपनीवर युरोपनं फेब्रुवारी २०२२ मध्ये हात घातला आणि अमेरिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये, तोही अर्धवट. विमानाचं इंधन तर फार उशिरा लक्षात आलं. तोवर गावंच्या गावं जळली होती. टोटल आणि शेवरॉन या कंपन्यांनी जानेवारी २०२२ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, पण वायू थायलंडला जातच राहिला.

लोकांचा बहिष्कार मला जास्त परिणामकारक वाटतो. लष्कराची भागीदारी असलेली म्यानमार बिअर लोकांनी प्यायची सोडली, सरकारी लॉटरीची तिकिटं सोडली, विजेची बिलं भरायची थांबवली. बिअरमधल्या जपानी भागीदाराला अखेर काढता पाय घ्यावा लागला.

मंग भारत काहून गप्प आहे?

या प्रश्नावर सभेत हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, देशहित पाहा. दुसरा म्हणतो, लाज वाटते.

आधी गणित पाहू. १६४३ किलोमीटरची सीमा. अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम ही चार राज्यं तिला लागून. ईशान्येतल्या काही बंडखोरांचे तळ पलीकडच्या जंगलात. कोलकात्याहून समुद्रानं सित्वे, तिथून नदीनं पालेत्वा आणि पुढे रस्त्यानं मिझोराम असा कलादान प्रकल्प, ज्याचा करार २००८ चा आहे. आणि आपण तोंड फिरवलं तर चीन आत येईल ही भीती. दिल्लीची अधिकृत भूमिका शांत आणि संयमी मुत्सद्देगिरीची.

भारत नेहमी असाच होता असं मात्र नाही. १९८८ मध्ये आपण उघडपणे आंदोलकांच्या बाजूनं होतो. सू ची दिल्लीत शिकल्या, त्यांच्या आई दिल्लीत राजदूत होत्या, १९९३ चा जवाहरलाल नेहरू पुरस्कार सू ची यांना दिला गेला. त्याच काळात नरसिंह रावांच्या सरकारनं जनरलांशी बोलायला सुरुवात केली, आणि पुढच्या प्रत्येक सरकारनं, पक्ष कोणताही असो, तेच चालू ठेवलं. तेव्हा हा प्रश्न विचारताना एकाच पक्षाकडे बोट दाखवू नये.

माझं मत विचाराल तर मला तत्त्वाआधी गणितच चुकलेलं दिसतं. जानेवारी २०२४ मध्ये पालेत्वा अराकान आर्मी या बंडखोर वांशिक सेनेनं घेतलं. त्या वर्षाच्या अखेरीला राखाइनमधल्या, म्हणजे जुन्या अराकानातल्या, १७ पैकी १४ टाउनशिप (आपल्या तालुक्यासारखे भाग) तिच्या हातात होत्या. सित्वे बंदर लष्कराकडे आणि त्याच्या मागचा मुलूख बंडखोरांकडे. म्हणजे ज्या प्रकल्पासाठी जनरलांना जपलं, तो त्यांच्या हातातच उरला नाही. आपल्या सीमेला लागून असलेला बराचसा भाग आज ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांच्याशी आपली ओळख उशिरा झाली. याला देशहित म्हणायचं का, हे देशहितवाल्यांनीच सांगावं.

मदतीच्या बाबतीत मात्र भारत मागे राहिला नाही. २८ मार्च २०२५ ला सगाइंग-मंडाले भागात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा ‘ऑपरेशन ब्रह्मा’खाली आपली पथकं लगेच पोचली आणि मंडालेत लष्करी रुग्णालय उभं राहिलं. त्याच दिवसांत तिथलं लष्कर बॉम्बफेक करतच होतं.

तूरडाळीचा काय संबंध?

बाजारात ‘लेमन तूर’ म्हणून जी येते ती ब्रह्मदेशाची. उडदाच्या आयातीत तर तोच देश आपला मुख्य पुरवठादार. जून २०२१ मध्ये भारतानं पाच वर्षांसाठी दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेण्याचा सामंजस्य करार केला. महिना नीट पाहा. आमसभेत आपण तटस्थ राहिलो तोच तो जून. सत्तापालटाला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.

तूर पिकते ती मुख्यतः सगाइंग, मागवे, मंडाले या कोरडवाहू पट्ट्यात. लोकसंरक्षण दलाचा जोर आणि लष्कराची जाळपोळ याच पट्ट्यात सगळ्यात जास्त. तिथला शेतकरी तूर खातो कमी आणि पिकवतो आपल्यासाठी. त्याच्या देशात रस्ता बंद पडला, क्याट घसरला, बंदरात जहाज थांबलं की कळमन्यात चर्चा सुरू होते.

यवतमाळ-अमरावतीच्या शेतकऱ्याची तक्रार याच्या नेमकी उलटी असते, की आयात झाली म्हणून आमचा भाव पडला. तीही खोटी नाही. पण ती आपल्या आयात धोरणाची गोष्ट आहे, तिचा राग सगाइंगच्या कुळावर काढण्यात अर्थ नाही. एका व्यापाऱ्यानं मला विचारलं होतं, आम्ही ती तूर घेऊ नये का? तूर थांबवली तर मार जनरलाआधी शेतकऱ्याला बसेल. वायू आणि रत्नांचं तसं नाही, त्यांचा पैसा थेट वर जातो.

मिझोरामनं निर्वासितांना घेतलं, ते कायद्यात बसतं का?

मार्च २०२१ मध्ये केंद्रानं चारही सीमावर्ती राज्यांना कळवलं, की निर्वासितांचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही आणि घुसखोरी रोखावी. मणिपूरनं तर निर्वासितांसाठी अन्न-निवाऱ्याची छावणी उघडू नये असं पत्रक काढलं आणि ओरड झाल्यावर तीन दिवसांत मागे घेतलं. मिझोरामनं शांतपणे दारं उघडी ठेवली. चिन आणि मिझो एकाच रक्ताचे, सीमा मधून गेली ती इंग्रजांची. जेमतेम ११ लाखांच्या राज्यानं ३० हजारांवर माणसं सांभाळली, तीही चर्चच्या वर्गणीतून आणि गावकऱ्यांच्या तांदळातून. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कागदावर हे लोक परकी नागरिक एवढेच. २०२४ मध्ये सीमेवर कुंपण घालायची घोषणा झाली.

सू ची यांनी तर रोहिंग्यांच्या कत्तलीचं समर्थन केलं होतं. मग सहानुभूती कशाला?

२०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. डिसेंबर २०१९ मध्ये सू ची स्वतः हेगच्या न्यायालयात देशाच्या बाजूनं उभ्या राहिल्या, म्हणजे ज्या लष्करानं पुढे त्यांनाच कैद केलं त्याची वकिली केली. हा डाग पुसता येत नाही. पण उठाव सू चींच्या मालकीचा नाही. २०२१ नंतर कित्येक बर्मी तरुणांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली आणि एकता सरकारनं त्यांना नागरिकत्व देण्याचं लेखी मान्य केलं. ते पाळलं जाईल का हा पुढचा प्रश्न, शिवाय अराकान आर्मीवरही रोहिंग्यांवरच्या अत्याचारांचे गंभीर आरोप आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी मिन आँग ह्लाइंग यांच्याविरुद्ध अटक वॉरंट मागितलं, ते रोहिंग्यांच्याच प्रकरणात.

निवडणूक झाली म्हणे. मग संपलं की!

२८ डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं मतदान घेतलं गेलं. सू ची यांचा पक्ष २०२३ मध्येच बरखास्त केलेला, त्या स्वतः तुरुंगात, निवडणुकीवर टीका करणाऱ्याला शिक्षेचा कायदा, आणि बंडखोरांच्या ताब्यातल्या अनेक टाउनशिपमध्ये मतदान झालंच नाही. ज्यांना म्यानमारशी व्यवहार पूर्ववत करायचे आहेत त्यांना या निवडणुकीनं निमित्त मिळालं. युद्ध संपलेलं नाही. सहा हजारांहून अधिक माणसं लष्कराच्या हातून मारली गेल्याची नावनिशीवार नोंद आहे आणि तीस लाखांवर लोक घराबाहेर आहेत.

यूपीएससीसाठी यातलं काय येऊ शकतं?

मुक्त संचार व्यवस्था (सीमेजवळच्या लोकांना व्हिसाशिवाय ये-जा करू देणारी), कलादान, सीमेवरची चार राज्यं, आसियानची पाच कलमं, ठराव २६६९. मुलाखतीत भारताच्या भूमिकेवर विचारलं तर दोन्ही बाजू सांगा, पण शेवटी स्वतःचं मतही सांगा. मत नसलेला उमेदवार समोरच्यांना लगेच ओळखू येतो.

थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी आहे, तिकीट फुकट, असं एजंट सांगतो. जाऊ का?

हा प्रश्न उठावाचा नाही वाटला तरी त्याच युद्धाचा आहे. राज्य कोसळलेल्या सीमाभागात, विशेषतः थायलंडला लागून असलेल्या म्यावाडीच्या आसपास, ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे वाढले आहेत. बँकॉकला उतरवतात, गाडीनं सीमेवर नेतात, नदी ओलांडून पलीकडे नेतात आणि पासपोर्ट काढून घेतात. मग दिवसभर अनोळखी माणसांना गंडवायचं काम, नाही केलं तर मार. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. परदेशी नोकरीसाठीचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते आधी पाहा. नसेल तर जाऊ नका, आणि शेजारचा कुणी निघाला असेल तर त्यालाही थांबवा.